महाघरटं दहावं

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पाऊस मात्र नव्हता. नुसता वारा विहिरीवरच्या बाभळीला हलवत होता. गोष्ट फार मागची, पाखरं माणसासारखी बोलायची तेव्हाची. सुगरण पाखरांत घरटं नर विणतो आणि मादीला ते पसंत पडलं तरच संसार उभा राहतो, ही रीत तेव्हाही होती.

तर एका नराच्या घरट्याशी मादी आली. तिनं चोचीनं गवताची एक पात ओढली, ती निघूनच आली. "वीण सैल आहे हो," म्हणाली आणि उडून गेली.

नराला वाटलं, नुसतं 'घरटं' या नावातच दम नाही. त्यानं पुन्हा तसंच विणलं आणि फांदीवरून ओरडला, "या, या, महाघरटं आलं!" ती आली, पात ओढली, तीही पात निघून आली. मग त्यानं काढलं महाघरटं दहावं.

"आणि मधली कुठं गेली?" मादीनं विचारलं.

"दुसरं म्हटलं की पहिल्यासारखंच वाटतं, बाई. दहावं कसं भारदस्त वाटतं!"

"बरं, यात नवं काय?"

"नाव!"

ती हसली. शेजारच्या नराच्या घरट्याची पात तिनं ओढून पाहिली, ती काही निघेना. मग ती तिथंच राहिली.

हंगाम सरत आला. आपला नर एकटाच पुढचं नाव शोधत बसलेला. चोचीतला किडा पिल्लांना भरवून शेजारचा नर घाईनं निघाला होता, तो जरा थांबला.

"दादा, पोरांच्या गडबडीत आमच्या घराला नाव द्यायचं राहूनच गेलंय बघा. तुम्हाला सवड दिसते, एखादं सुचवा की!"