बेलसंगीच्या फाटकावर चौकी का नाही

बेलसंगीच्या जुन्या स्टेशनामागं एक बाग आहे. तिच्यात वीतभर रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी फिरते. कडेला गुडघ्याएवढं स्टेशन आहे, मालधक्का आहे, पाण्याची टाकी आहे, खंडोबाचं देऊळ आहे. विहिरीला वळसा घातला की फाटक लागतं. फाटकाचे दोन्ही दांडे जागच्या जागी आहेत, कंदीलही आहे, फक्त गेटमनची चौकी नाही. तिच्या जागी शेणानं सारवलेली मोकळी जमीन आहे. पाहुणे हमखास विचारतात, की एवढं सगळं हौसेनं केलंत आणि चौकीच कशी राहिली? बागेतली जाणती माणसं म्हणतात, राहिली नाही, होती. मग बाकावर सरकून जागा करून देतात आणि सांगायला लागतात.

असं सांगतात, की खरी छोटी रेल्वेलाइन बंद झाली, रूळसुद्धा उखडून नेले, तेव्हा त्या लाइनीवर आयुष्य काढलेल्या माणसांना घरात करमेना. इंजिनांच्या शेडमधल्या हुसेनभाई मुजावरांनी भंगारातून चावीचं इंजिन केलं आणि बाकीच्यांनी आपापली इमारत केली. हमालांनी मालधक्का बांधला, पाणीवाल्यांनी टाकी. सिद्राम वाघमोडे फाटकावर गेटमन होता. त्यानं खोक्याच्या फळ्या ठोकून चौकी केली आणि वरून चुना घोटला. खरी चौकी रुळांना चिकटून होती, म्हणून हीही तशीच ठेवली. पुढं सिद्राम अंथरुणाला खिळला. जाताना त्यानं बायकोकडून, कोंडाबाईकडून शब्द घेतला म्हणे, की गाडी फिरती आहे तोवर चौकी पडू द्यायची नाही. तिनं दिला. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं?

पावसाळा या इमारतींची दैना करायचा. तो सरला की सगळे जमायचे आणि डागडुजी करायचे. पगार ना पाणी, पण यायचे. कोंडाबाई सकाळी खाणावळीत भाकऱ्या थापायची आणि दुपारी चौकीपुढं येऊन बसायची. लांबी भरून फटी बुजवायची, चुना द्यायची, रंग लावायची. पहिली काही वर्षं ती चौकीशी बोलायची म्हणे. पुढं बोलणं आटलं, काम तेवढं उरलं. कंबर धरायची, बोटं वळायची नाहीत, आणि तरी कुणी मदतीला हात पुढं केला की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. शब्द म्या दिलाय." तिला त्या चौकीचा कंटाळा आला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. बोलून दाखवायची सोय मात्र कुणालाच नव्हती.

यात सगळ्यांचीच एक चूक होत होती. जुना रंग कुणी खरवडत नव्हतं. त्याच्याखाली, गेलेल्या माणसाचा हात आहे, त्याला खरवडायचा पत्रा कसा लावायचा? म्हणून चुन्यावर लांबी, लांबीवर रंग, त्यावर पुन्हा चुना असं चाललं होतं, आणि वर्षागणिक इमारती अंगानं भरत होत्या. आधी डबे भिंतींना घासायला लागले. हुसेनभाईंनी डब्यांच्या पायऱ्या कापल्या. आणि मग एका दसऱ्याला झेंडूची माळ घातलेलं इंजिन चौकीपाशी आलं आणि अडकलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

बाकीच्यांनी नाइलाजानं आपापल्या भिंती तासायची तयारी दाखवली. कोंडाबाई ऐकेना. रूळ सरकवावेत तर पलीकडं विहिरीचा कठडा. शेवटी गाडी ताडपत्रीखाली गेली.

खरं सांगायचं तर कोंडाबाईला बरं वाटलं. तिनंच हे पुढं सांगितलं आहे. गाडी फिरती आहे तोवर, एवढाच शब्द होता. गाडी थांबली, ती सुटली. भाकऱ्या आटोपल्यावर ती घरी जाऊन चक्क झोपायला लागली. बागेत माणसं येईनाशी झाली. देवळाचा कळस ढासळला, तो कुणी उचलला नाही.

मग एके दुपारी ती विसरलेलं चुन्याचं भांडं आणायला बागेत गेली. हुसेनभाई एकटेच होते. वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून, गाडी हातानं ढकलत फाटकापर्यंत आणत होते आणि तशीच मागं नेत होते. त्यांनी तिला पाहिलं नाही. कोंडाबाई बराच वेळ उभी राहिली. मग तिनं भांड्यातला लांबी लावायचा पत्रा घेतला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"हुसेनभाऊ, तुम्ही खरडा. माझ्याच्यानं व्हायाचं न्हाई."

ती पाठ करून बसली. मागं पत्र्याचा आवाज येत राहिला. पिवळा रंग गेला, त्याखालचा तांबडा गेला, लांबीचे पापुद्रे पडले. आणि एकदम आवाज थांबला.

"वैनी, जरा हिकडं बगा."

पत्रा आरपार गेला होता. भोकातून वाळवीची माती भुरुभुरु गळत होती. आत फळी नव्हती. एकही नव्हती.

"लाकूड कवाच गेलंय," हुसेनभाई म्हणाले. "हे वरचं समदं तुमचंच हाय."

कोंडाबाईनं भोकात बोटं घातली आणि आतून भिंत चाचपली. हाताला तिचेच थर लागले. सिद्रामची चौकी कधी संपली, हे तिला कळलंच नव्हतं.

"मग इतकी वर्सं म्या कशाला जपत हुते?"

"चौकीला न्हवं. शब्दाला. फाटकावर तुम्हीच हुभ्या हुता की, वैनी."

तिनं भोकातून बोटं बाहेर काढली. मग लहान पोरीसारखं तिनं विचारलं, "मग आता बसू का?"

"बसा," हुसेनभाई म्हणाले.

त्यांनी ते टरफल दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. वाटलं होतं तेवढं वजन त्याला नव्हतं. कोंडाबाई मोकळ्या झालेल्या जागेवर पाय दुमडून बसली. हुसेनभाईंनी इंजिनाला चावी दिली आणि गाडी तिच्या गुडघ्याशेजारून कुठंही न घासता निघून गेली. तिनं पदर डोळ्यांना लावला, असं सांगतात. रडली ती सिद्रामसाठी की सुटल्यासाठी, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर जिवंत होती तोवर ती दर वर्षी येऊन तिथं बसायची. कामाला हात लावायची नाही.

आजही पावसाळा सरला की माणसं जमतात आणि आधी इमारतींची अदलाबदल करतात. आपली इमारत आपण खरवडायची नाही, ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. काम करता करता ज्याची कंबर धरते तो मुकाट्यानं फाटकाजवळ जाऊन बसतो, आणि त्याला ऊठ म्हणायची रीत नाही. नवे कार्यकर्ते अधूनमधून सुचवतात, की फायबरची चौकी करू, ना वाळवी लागेल ना दर वर्षीचा रंग. जुनी माणसं हातातलं काम न थांबवता सांगतात, "तितं कोंडाबाई बसल्यात."