शिंपल्यांचं कडं

"बुवा, पलीकडच्या पुळणीची राखण माझ्या हाती कधी देणार?"

विश्रामने हे तिसऱ्यांदा विचारलं. खाडीपलीकडच्या किनाऱ्यावरही टिटव्या अंडी घालत होत्या, आणि तिथे राखणदार नव्हता.

सोमाबुवा मेतर सुरूच्या सावलीत बसले होते. अलीकडची ही राखीव पुळण, तिच्यावरच्या वाळूच्या टेकड्या, कोल्हे, कुर्ल्या, टिटव्या, सगळं त्यांनी तीस वर्षं सांभाळलेलं. विश्राम शहरात शिकून त्यांच्या हाताखाली आला, त्याला दोन वर्षं झाली. पोरगा हुशार होता. ते त्याला पक्कं ठाऊकही होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

"तुज्या टिटव्यांचा काय झाला?" बुवांनी विचारलं.

"सातांपैकी सहा घरटी गेली. कावळ्यांनी फोडली." विश्राम ताठ बसला. "त्यात माझी कसूर नाही. माणसाचा पाय पडू नये म्हणून मी प्रत्येक घरट्याभोवती पांढऱ्या शिंपल्यांचं कडं केलं होतं. पायाखाली एकही अंडं गेलं नाही."

"खरा."

"मग?"

...

बुवा उठले. मर्यादवेलीचे तणावे ओलांडून मोकळ्या वाळूवर गेले. तिथे ना घरटं होतं, ना अंडं. वाकून त्यांनी पांढऱ्या शिंपल्या वेचल्या, एक कडं मांडलं आणि परत सावलीत येऊन बसले.

म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं, असं विश्रामला वाटलं.

"हे कशाला, बुवा?"

"गप ऱ्हव."

...

कावळा आला. एवढी पुळण मोकळी पडलेली, पण उतरला तो थेट कड्यात. चोचीने वाळू उकरली, मान तिरकी करून पुन्हा उकरली. मग दुसरा आला.

विश्राम ताडकन उठला. सहाही घरटी कावळ्यांना त्यानेच दाखवली होती.

तो धावत सुटला. टेकडीच्या अलीकडचं सातवं घरटं अजून शाबूत होतं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करत होती. ती बोलणी त्याने खाली मानेने ऐकून घेतली. शिंपल्या वेचून सदऱ्याच्या ओच्यात भरल्या. सुरूची एक पडलेली फांदी उचलली आणि मागे मागे सरकत स्वतःची पावलंही पुसून काढली.

बुवांपाशी आला तेव्हा घामाने निथळत होता. वळून पाहिलं, तर नुसती वाळू.

"बुवा, पुळण मागायला मला तोंड राहिलं नाही," तो म्हणाला. "आता तर ते घरटं मलासुद्धा सापडत नाहीये."

...

"मगे जा," बुवा म्हणाले. "पलीकडली पुळण तुजी."