सलोमीचा दोर

खडकमाळावर घड्याळ नव्हतं आणि प्रार्थनेची वेळ उन्हावरून ठरायची, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली. सांगणारे बदलत गेले, गोष्ट तीच राहिली.

खडकमाळ ही ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरांची वस्ती. मातीचं एक चर्च आणि निंबाच्या फांदीला टांगलेली घंटा. तिथे योना आणि शमुवेल हे दोघे भाऊ आड खणायचे. आड म्हणजे अरुंद विहीर, माणसानं दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतील एवढी. भिंतीत पाय रोवायला खाचा करत योना खाली उतरायचा, आणि त्याच्या कमरेचा दोर वर शमुवेल धरायचा. उतरण्याआधी योना हाक द्यायचा, "दोर कुणाकडं?" शमुवेल म्हणायचा, "माझ्याकडं!" हे ऐकल्याशिवाय योनानं कधी पाय खाली टाकला नाही. ती हाक ऐकून निंबावरची पाखरंसुद्धा गप्प व्हायची, असं म्हणतात.

वस्तीचा स्वतःचा आड पाच माणसांच्या उंचीएवढा खोल गेला, तेव्हा एका सकाळी त्याची कड ढासळली. शमुवेलनं दोर ओढला. तो तुटून रिकामाच वर आला.

योनाला काढून चर्चच्या मागे पुरलं आणि आडावर बाभळीचे काटे टाकले. त्या दिवसापासून शमुवेलनं खणणं सोडलं. आडाचा दोर राहू द्या, गाईचं दावंही त्याला धरवेना. घंटा वाजवणारा लाजरस मोठा चेष्टेखोर. तो म्हणायचा, "शमुवेलभाऊ, रांजणात जपून वाका हं, फार खोल आहे!" लोक हसायचे. शमुवेलही हसायचा, आणि प्यायचं पाणी दुसऱ्या कुणाला तरी काढून द्यायला सांगायचा.

पुढे तीन वर्षं पाऊस झाला नाही. दोन कोसांवरचा ओढाही आटला, तेव्हा वस्ती उठवायचं ठरलं. ज्या म्हाताऱ्यांना चालवत नव्हतं त्यांचं काय, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही.

योनाची बायको सलोमी मोजकं बोलणारी. ती आडापाशी गेली आणि एकटीच काटे बाजूला करू लागली. ज्या आडानं एक माणूस घेतला तो दुसराही घेतो, अशी समजूत होती, म्हणून बाकीचे लांबच उभे राहिले. शमुवेल मात्र जवळ आला.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"तुमच्या भावाचं काम अर्धं राहिलंय, भाऊजी. खणायचं तुम्हाला येतं. दोर मी धरीन."

"मला भ्या वाटतं."

"मला काय वाटत नाही होय?"

शमुवेल खाली बसला. इतकी वर्षं जे कुणापाशी बोलला नव्हता, ते त्यानं विचारलं. "देवबाप आपल्यावर माया करतो म्हणता. मग योना खाली होता, तेव्हा दोर कुणाकडं होता?"

सलोमीनं हातातली फांदी खाली ठेवली. निंबाची सावली एका मुळावरून दुसऱ्या मुळावर सरकली, असं म्हणतात.

"त्याच्याकडंच," ती म्हणाली. "योना आपल्याकडं परत आला नाही. पण त्याच्या हातून सुटला नाही. हे मला रोज पहाटे नव्यानं मानावं लागतं. तुम्ही एक दिवस मानून बघा."

शमुवेलनं पहार उचलली. काठावरून त्यानं हाक दिली, "दोर कुणाकडं?"

"माझ्याकडं," सलोमी म्हणाली, "आणि माझ्या मागं त्याच्याकडं."

सहा दिवस शमुवेल खणत राहिला. तळातून वर भाकरीएवढं आभाळ दिसायचं. दुपारी ऊन हळूच उतरायचं आणि ओळखीच्या माणसासारखं त्याच्या खांद्यावर बसायचं. भीती गेली का, असं सलोमीनं विचारलं, तर तो म्हणाला, "गेली कुठं? पण आता पाटीत बसून मातीबरोबर वर येते."

रविवारी दोघं थांबली. सोमवारी भर दुपारी पहारीखालचा खडक फुटला आणि पाणी उसळलं. त्याबरोबर भिंत ढासळली आणि पायाच्या खाचा गेल्या. शमुवेल छातीएवढ्या पाण्यात अंधारात लोंबकळला. तो ओरडला, "दोर कुणाकडं?"

वर सलोमीला बोलायला श्वास नव्हता. तरी शमुवेलनं उत्तर ऐकलं. "माझ्याकडं." तो आवाज वरून आला नाही, पाण्यातून आला, असं म्हणतात. कुणाचा आवाज होता, असं त्याला जन्मभर लोक विचारत राहिले. तो नुसता हसायचा.

भिंत ढासळल्याचा आवाज ऐकून पहिला धावला तो लाजरस. सलोमी मागे रेलून उभी होती, टाचा मातीत रुतलेल्या. तिच्या मागचा उरलेला दोर धुळीत पडलेला असायला हवा होता. तो पडला नव्हता. रिकाम्या हवेत, कमरेच्या उंचीवर, सरळ ताणलेला होता. लाजरसला त्या दिवशी चेष्टा सुचली नाही. त्यानं सलोमीच्या मागची हातभर जागा सोडली आणि त्यामागे दोर धरला.

शमुवेल वर आला, आणि त्याच्या मागे पाणी चढत आलं. सलोमीचे तळवे सोलून निघाले होते. दोराला रक्त लागलं होतं, आणि ती जी हातभर जागा कुणी धरली नव्हती, तिथेही लागलं होतं. कुणी म्हणतं, दोर सरकला असेल. सरकलाही असेल.

वस्ती उठली नाही. शमुवेलनं पुढे आसपासच्या गावांत कितीतरी आड खणले, आणि प्रत्येक वेळी दोर सलोमीनं धरला.

आता त्या आडावर मोटार बसली आहे. दोर मात्र चर्चमध्ये खुंटीला असतो, आणि त्याला सलोमीचा दोर म्हणतात. खडकमाळावर कुणी वारलं की पेटी त्याच दोरानं खाली सोडतात. धरणारे मध्ये हातभर जागा मोकळी ठेवतात. वयानं सगळ्यात मोठं माणूस विचारतं, "दोर कुणाकडं?" सगळे म्हणतात, "त्याच्याकडं." मगच हात सैल करतात.

दोर जुना झाला की नवा वळतात. नवा दोर सगळ्यात आधी गुळगुळीत होतो तो त्या मोकळ्या जागी, असं म्हणतात.

गेल्या साली मी त्या जागेच्या शेजारीच उभा होतो. ती गुळगुळीत आहे.