रिकाम्या प्लगचा जोडीदार

"मग या प्लगचा सेन्सर गेला कुठं, उस्ताद?"

उस्तादांच्या गॅरेजात काम शिकणारा भालचंद्र सकाळपासून बँडवाल्यांच्या जुन्या डिझेल व्हॅनच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरला होता. गाडी चढाला दम टाकत होती, डॅशबोर्डवरचा दिवा विझत नव्हता आणि इंजिनापाशी वायरींचे दोन प्लग सुटे लोंबत होते. संध्याकाळी घाटापलीकडच्या गावात वरात होती. बँड पोचला नाही, तर नवरदेवाला मुकाट्यानंच मांडवात जावं लागणार.

"गाडीला तुम्ही हात लावू नका, मी एकटा काढतो," असं त्यानं उस्तादांना आधीच बजावलं होतं. गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला!

दस्तगीर उस्ताद चहा पीत राहिले.

"कुणीतरी सेन्सर काढून नेलाय. पुण्याहून मागवायला लागंल. परवा मिळंल."

बँडमास्तर कृष्णात यांनी ट्रम्पेट खाली ठेवलं.

"परवा? तवर नवरी नांदून माहेराला माघारी येईल की!"

सगळे हसले. भालचंद्र सोडून.

उस्ताद उठले.

"त्या पहिल्या प्लगात फुंकर मार."

"फुंकर?"

"मार म्हणतो ना."

त्यानं प्लग तोंडाशी धरून जोरात फुंकलं. आत वर्षानुवर्षं साठलेली धूळ उलटून त्याच्याच तोंडावर आली.

"आता दुसऱ्यात."

काहीच उडालं नाही. आतल्या पिना लख्ख होत्या.

भालचंद्र थबकला... मग त्या दुसऱ्या प्लगची वायर जिथवर पोचेल, तिथवर हळूहळू बोटं फिरवत गेला. हवेच्या पाइपाखाली एक सेन्सर होता. त्याचंही तोंड उघडं, आणि तसंच लख्ख.

खट्. प्लग बसला.

चावी फिरवली. दिवा विझला. इंजिननं असा काही जोर धरला, की ढोलवाल्याला राहवेना. त्यानं तिथंच ठेका धरला. धुळीनं माखलेल्या तोंडानं भालचंद्रही नाचायला लागला. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

नाचता नाचता तो थांबला.

"पण उस्ताद, त्या पहिल्याचा जोडीदार?"

"ह्या गाडीला त्यो कधी बसवलाच न्हाई. कारखान्यातनं वायर तेवढी आली."

"मग मी सकाळधरनं शोधत काय होतो?"

उस्ताद व्हॅनमध्ये चढले आणि ढोलाशेजारी ऐसपैस बसले.

"ते घावलं की मला बी सांग."