‘पत्नी’चा रकाना

"सुनेला वेगळी ओळ कशाला? मुलाच्या ओळीत ‘पत्नी’चा रकाना आहे की. बसेल त्यात."

सासरे हे त्यांच्या चुलतभावाला सांगत होते. दोघे मिळून घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर चढवत होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच होते. चुलतभाऊ म्हणाले, "मुकुंदाची ओळ काढून टाकली मी. मूलबाळ नाही, शाखा तिथेच संपली." मुकुंदा म्हणजे सासऱ्यांचे वारलेले धाकटे भाऊ. त्यांच्या पत्नी, कुमुदकाकू, आत या दोघांसाठी पोहे परतत होत्या.

कंपनीत मी माहितीचे तक्ते रचते. एक ओळ पुसली की तिच्यासोबत आणखी काय पुसले जाते, हे आधी पाहणे हेच माझे काम. पण चहा ठेवून मी गुपचूप परत आले. पोहे होईपर्यंत मनात एक गोष्ट जुळत गेली.

एकेकाळी एक वृद्ध आचार्य एका नगराच्या धान्यकोठाराची व्यवस्था पाहत असत. वही त्यांच्या शिष्याने आखली होती, आणि तिच्या नेटकेपणाचा त्याला अभिमान होता. एका घराला एक ओळ. आरंभी कर्त्याचे नाव, पुढच्या रकान्यांत पत्नी, मुले, आश्रित. त्या वर्षी दुष्काळ होता. कोठारावरचा व्यापारी वही पाहूनच धान्य मोजी.

एक विणकर वारला. शिष्याने त्याची ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी विणकराची पत्नी टोपली घेऊन आली, तेव्हा व्यापाऱ्याने मान हलवली. तुमचे घर वहीत नाही, बाई.

"मेले ते," ती म्हणाली. "मी नाही."

शिष्याने वही पुन्हा तपासली. वही बिनचूक होती. बाई रिकामी टोपली घेऊन गेली.

आचार्यांनी वही मागवली आणि स्वतःचीच ओळ खोडली. शिष्याला वाटले, वय झाले. दुपारी तो आपला वाटा आणायला गेला, तर व्यापाऱ्याने त्यालाही परत पाठवले. त्याचे नाव आचार्यांच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात होते.

तो भुकेला परतला तेव्हा आचार्य म्हणाले, "तू माणूस आणि त्याचे नाते एकाच ओळीत बांधलेस. एक पुसले की दुसरेही जाते, आणि पुसणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. माणसांची वही वेगळी कर, तीत प्रत्येकाला स्वतःची ओळ दे. कोण कोणाचे कोण, हे दुसऱ्या वहीत लिही. नाते सरले तर तिथली ओळ जाईल. माणूस राहील."

शिष्याने दोन वह्या आखल्या. पहिले नाव विणकराच्या पत्नीचेच लिहावे, म्हणून तो तिच्या घरी गेला. दार उघडे, चूल थंड. ती नगर सोडून गेली होती. जुन्या ओळीत नुसते ‘पत्नी, एक’ एवढेच लिहिलेले होते. शेजाऱ्यांना तिचे नाव विचारले, तर ते एकमेकांकडे पाहू लागले. सगळे तिला विणकरीणच म्हणत.

नव्या वहीची पहिली ओळ रिकामी राहिली.

पोहे झाले. बशा घेऊन मी बाहेर गेले. सासऱ्यांनी पडद्यावरून नजर न काढता माझी जन्मतारीख विचारली, रकाना भरायचा होता.

मी बशा खाली ठेवल्या.

"बाबा, आधी कुमुदकाकूंना त्यांची स्वतःची ओळ द्या. तोवर माझी तारीख मी सांगणार नाही."