लाँचमधलं नारिंगी जाकीट

"पण लाँचनेच का जायचं, बुवा?"

मोरेश्वराने पुन्हा एकदा विचारलं. जिवाजीबुवा मठाच्या पायरीवर बसून वहाणा चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी गाडी आणलीय. पुलावरून वळसा घालून सावकाश जाऊ. तुम्हाला उगाच दगदग…"

"गाडीत माझी पाठ धरते," बुवा म्हणाले. "आणि लाँच नवी केलीय म्हणतात. बघू तरी."

एवढं बोलून ते उठले आणि धक्क्याच्या वाटेला लागले. मोरेश्वराला त्यांच्या मागून जाण्यावाचून इलाज उरला नाही.

मोरेश्वर दामले हा बुवांचा सगळ्यांत नावारूपाला आलेला शिष्य. वाणी रसाळ, पाठांतर चोख, आणि या दोन्हींची त्याला पुरेपूर जाणीव. खाडीपलीकडच्या वेंगण गावात त्याची प्रवचनं चालू होती. विषय होता निर्भयता. शेवटच्या दिवशी गुरूंनी समोर बसून ऐकावं म्हणून तो त्यांना न्यायला आला होता.

एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

मागच्या साली याच खाडीत, ऐन मध्यावर, जुन्या लाँचचं इंजिन बंद पडलं होतं. ओहोटी लागलेली. लाँच मुखाकडे, उघड्या समुद्राकडे ओढली जाऊ लागली. माणसं देवाचं नाव घेत होती. मोरेश्वराला देव आठवला नाही. त्याला फक्त पाणी दिसत होतं. शेवटी एका मच्छीमार होडीने दोर टाकला आणि सगळे सुखरूप काठाला लागले. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत त्या प्रसंगाची गोष्ट करून टाकली. मोरेश्वर त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. तेव्हापासून तो पुलावरूनच जाई. कधी सामानाचं निमित्त, कधी उन्हाचं.

धक्क्यावर आल्यावर त्याला आधी लाँच ओळखूच येईना.

जुन्या लाँचमध्ये पाऊल टाकलं की तळाशी पाणी डचमळायचं. एक खलाशी डबडं घेऊन ते सारखं उपसत असायचा. डिझेलच्या धुराने पोटात ढवळून यायचं. आता तळ ठणठणीत कोरडा होता. बाकांना पाठी आल्या होत्या. दोन्ही अंगांना लोखंडी कठडा होता. इंजिन नवंकोरं, त्याची धडधड एकसारखी. पांढऱ्या-निळ्या रंगाचा वास अजून गेला नव्हता.

मोरेश्वराने कुणाला कळणार नाही अशा बेताने कठडा हलवून पाहिला. हलला नाही. त्याच्या छातीवरचं ओझं जरासं उतरलं.

मग त्याने वर पाहिलं. छताला नारिंगी जाकिटं ओळीने टांगलेली होती. बुडू न देणारी. माणसं मोजावीत आणि जाकिटं मोजावीत असं त्याच्या मनात आलं. त्याने दोन्ही नजरेनेच मोजली. पुरून उरत होती.

समोरच्या बाकावर वेंगणच्या शाळेतल्या कुमुदताई बर्वे बसल्या होत्या. त्यांनी मोरेश्वराला ओळखलं, हात जोडले, आणि कालच्या प्रवचनाचं तोंडभरून कौतुक केलं. भय हा मनाचा खेळ आहे, हे त्यांनी अगदी त्याच्याच शब्दांत म्हणून दाखवलं. मोरेश्वर हसला. ते हसू त्याला फार जड गेलं.

सुटायची वेळ झाली तसा खलाशी बाकांमधून फिरला. ज्याला जाकीट हवं असेल त्याने मागून घ्यावं, असं त्याने सांगितलं.

कुणीच हात वर केला नाही. ऊन रणरणत होतं आणि जाकिटं जाडजूड होती.

मोरेश्वराची नजर वर गेली. डोक्यावरच लटकत होतं एक. पण समोर कुमुदताई…

"मला एक दे रे बाबा," जिवाजीबुवा म्हणाले.

खलाशाने जाकीट त्यांच्या गळ्यात घातलं आणि पट्टे आवळले. खाली पांढरं धोतर, वर हाडकुळे खांदे, आणि हनुवटीपर्यंत आलेलं ते नारिंगी बोचकं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

मोरेश्वराचे कान तापले. तो बुवांच्या कानाशी वाकला.

"बुवा, लोक बघताहेत."

"बघू देत."

"तुम्हाला कशाला हवं हे?"

"पाण्यावर चाललोय ना…"



दोर सुटला. लाँच धक्क्यापासून अलग झाली. मध्ये आधी वीतभर पाणी दिसलं, मग हातभर. मोरेश्वर त्या पाण्याकडे पाहत राहिला.

"मलाही एक द्या," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला.

कुमुदताई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनीही खलाशाला हाक मारली. जाकीट अंगात अडकवता अडकवता त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला केव्हापासून मागायचं होतं. पण समोर तुम्ही बसलेले… म्हटलं, कसं मागावं?"

 तोवर मागच्या बाकावरून आणखी दोघांनी हात वर केले होते. खुसखुसणाराही त्यांत होता.

खाडीच्या मध्यावर इंजिनाचा आवाज एकाएकी खाली आला.

मोरेश्वराच्या हाताने आपण होऊन बुवांचं मनगट धरलं.

"बुवा…"

"हं."

"मला भीती वाटतेय."

"हं."

बुवांनी हात सोडवून घेतला नाही. धीराचा शब्दही काढला नाही. लाँच पाण्यावर डुलत राहिली…

पुढे कुणाची तरी जाळी पसरलेली होती. तिला बगल देण्यापुरता लाँच हाकणाऱ्या सारंगाने वेग कमी केला होता. जाळी मागे पडली आणि इंजिन पुन्हा पहिल्यासारखं धडधडू लागलं.

मोरेश्वराने श्वास सोडला. तो इतका लांब निघाला की त्याचं त्यालाच हसू आलं. कुमुदताईही हसल्या. त्यांनी पिशवीतून आवळासुपारीची डबी काढून त्याच्यापुढे धरली. तोंडात चिमूट टाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला सडकून भूक लागलीय. सकाळपासून घशाखाली घास उतरला नव्हता. अंग कसं सैल, हलकं वाटत होतं. मानेमागून वारा येत होता आणि तोही गोड लागत होता.

वेंगणच्या धक्क्याला उतरताना सगळ्यांनी जाकिटं परत केली. बुवांच्या जाकिटाचा एक पट्टा अडकला होता, तो मोरेश्वरानेच सोडवला. कुमुदताई संध्याकाळी येते म्हणून पुढे गेल्या. धक्क्यावर गुरुशिष्य दोघेच उरले.

"आज मी आधी हेच सांगणार आहे," मोरेश्वर म्हणाला. "मला भीती वाटते, हे. मग पुढचं काय सुचेल ते."

बुवांनी मान हलवली.

थोडं चालून गेल्यावर मोरेश्वर थांबला. आता त्याला विचारायला संकोच वाटला नाही.

"बुवा, इतकी वर्षं तुमच्यापाशी आहे मी. पण तुम्हालाही पाण्याची धास्ती वाटते, हे मला कधी कळलं नाही."

बुवा वाकून धोतराचा, धक्क्यावर उतरताना भिजलेला काठ पिळत होते. काठ पिळून झाला. मग त्यांनी खाडीकडे हात केला.

"लाँच नव्हती ना, मोरेश्वरा, तेव्हा मी पोहूनच यायचो इकडे."