डोंगराच्या पोटातला उजेड

पुष्कळ पुष्कळ वर्षे लोटली या गोष्टीला. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा जवळ सरका.

एका राज्यात निंबाजी नावाचा कारागीर होता. राजवाड्यातले आरसे उजळायचे, हे त्याचे काम. तेव्हा आरसे काचेचे नसत, काशाचे असत. निंबाजी आधी चिंच लावी, मग राख लावी आणि शेवटी लोकरीचा बोळा घेऊन तासन्‌तास घासत बसे. त्याच्या हातून निघालेल्या आरशात माणसाला आपली पापणीन्‌पापणी मोजता येई.

तीस वर्षे त्याने मान खाली घालून काम केले. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वाड्यावरून घरी आणि घरून वाड्यावर.

मग एके दिवशी दूरच्या देशातून काचेचे आरसे आले. राणीला ते फार आवडले. कारभाऱ्याने निंबाजीला बोलावले, खांद्यावर शाल घातली, चार गोड शब्द बोलला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

निंबाजी घरी आला. बायकोला, भिवराला, एवढेच म्हणाला, "कोणाला कळू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून तो नेहमीच्याच वेळी घराबाहेर पडू लागला. पण वाड्याकडे न जाता आजूबाजूच्या गावांत जाई आणि वेशीवर विचारी,

"काही काम आहे का?"

"कसलं काम?"

"कसलंही चालेल."

"कसलंही काम नाही बाबा आमच्याकडे."

असे तीन महिने गेले. कणगीतले धान्य तळाला लागले. निंबाजीची दाढी भरमसाट वाढली, कारण न्हाव्याकडे जावे तर तो चौकशी करील, ही भीती!

एके सकाळी भिवराने त्याची वाट अडवली. "अहो, आपण चोरी केलीय का? नाही ना? मग तोंड कशाला लपवता? आधी जाऊन दाढी करून या."

निंबाजी गेला. न्हावी म्हातारा होता आणि निंबाजीला तरणा असल्यापासून ओळखत होता. त्याने वस्तरा हातात घेतला, निंबाजीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि वस्तरा परत खाली ठेवला.

"काय झालं, निंबाजी?"

एवढ्या तीन शब्दांनी निंबाजीचा बांध फुटला. त्याने सगळे सांगितले. न्हाव्याने ते नीट ऐकून घेतले. शेवटी म्हणाला,

"अरे, कसलंही काम मागणाऱ्याला लोकांनी काय द्यावं? तुला काय येतं ते त्यांना कसं कळणार? हे बघ, काम माझ्याकडे नाही. पण नदीकाठी लमाणांचा तांडा उतरलाय. त्यांचा नाईक माझ्याकडे दाढीला येतो. त्याला माझं नाव सांग. काम मागू नकोस. तुला काय येतं ते सांग आणि त्यानं काय काय पाहिलंय ते विचार."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"नाही कशाला म्हणेल? तू काही मागणारच नाहीस!"

निंबाजी नदीवर गेला आणि काठावरच थबकला. वाळवंटात हजारभर बैल बसले होते. मीठ, धान्य, कापड, रंगीत माती यांच्या गोण्यांचे डोंगर रचले होते. इतकी वर्षे हे सारे त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून जात-येत होते आणि त्याने कधी मान वर करून पाहिले नव्हते.

न्हाव्याचे नाव ऐकताच नाईकाने त्याला घोंगडीवर बसवून घेतले. समोरच पुढाऱ्या बैलाच्या शिंगांच्या टोकांवर पितळी शेंब्या होत्या, काळ्या पडलेल्या. निंबाजीचे हात आपोआप तिकडे गेले. तो घासू लागला आणि घासता घासता बोलू लागला. धातू ऊन कसे झेलतो, किती वाकवला की उजेड कुठे पडतो, सगळे सांगत गेला. मग विचारले, "नाईक, तुम्ही मुलूख पालथा घातलाय. माझ्या या विद्येची कुठे कोणाला नड दिसली का हो?"

नाईक शेंबीत पडलेला स्वतःचा चेहरा पाहत राहिला. मग म्हणाला,

"चार दिवसांच्या वाटेवर एक डोंगर आहे. तिथं लेणं कोरतात. आम्ही त्यांना रंगाची माती पोचवतो. पण गेल्या खेपेला तिथला म्हातारा चितारी म्हणाला, आता माती आणू नका. आत मशाली लावल्या की धुरानं चित्रं काळवंडतात, नाही लावल्या तर अंधार. रंग लावायचे कसे? तुम्हाला काही जमेल की नाही, मला ठाऊक नाही. पण आमच्याबरोबर चला. त्याची गाठ घालून देतो."

भिवराचा निरोप घेऊन निंबाजी तांड्याबरोबर निघाला. ते डोंगरावर पोचले तेव्हा चितारी लेण्याच्या दारात उदास बसला होता. नाईकाने सांगितले म्हणून त्याने निंबाजीचे ऐकून घेतले. "बाबा रे, नाईकाच्या शब्दाला मान आहे, म्हणून थांबतो," तो म्हणाला. "नाहीतर राजाज्ञा आलीय. पौर्णिमेपर्यंत काम सुरू झालं नाही, तर लेणं बंद करून सगळ्यांनी घरी जायचं. दोनशे माणसं आहेत इथं."

तिथे आरसा एकही नव्हता. निंबाजीने कामगारांच्या स्वयंपाकघरातून काशाच्या तीन मोठ्या पराती मागवल्या. दोन दिवस आणि दोन रात्री त्याचा हात थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिली परात बाहेरच्या खडकावर उन्हात टेकवली, दुसरी दारात, तिसरी आत खांबाजवळ. लोक कामे टाकून गोळा झाले. निंबाजीने पहिली परात हळूच कलती केली.

ऊन डोंगरात शिरले.

आधी दारात आले. तिथून खांबापाशी. आणि खांबापासून वळून एकदम शेवटच्या भिंतीवर, जिथे डोंगर झाला त्या दिवसापासून सूर्य पोचला नव्हता.

भिंतीवर हत्ती होते, हंस होते, नगरे होती, मिटल्या डोळ्यांनी हसणारी माणसे होती. मशालीच्या उजेडात ती कोणी हात, कोणी डोळा, कोणी कमळाची पाकळी अशी तुकड्यातुकड्याने रंगवली होती. सगळे एकदम कोणीच पाहिले नव्हते. रंगवणाऱ्यांनीसुद्धा नाही. भिंतीकडे पाहता पाहता पाथरवटांच्या हातातल्या छिन्न्या गळून पडल्या. एका बाईने हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले.

म्हातारा चितारी भिंतीपाशी गेला. "हा हत्ती मी काढला," तो पुटपुटला. "अकरा वर्षं झाली. आज पुरता बघतोय."

निंबाजीच्या अंगावर काटा आला. तीस वर्षे त्याने आरसे उजळले, पण त्यांत लोकांचे चेहरेच तेवढे दिसले होते. आपल्या हातांत हेही होते, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि त्याहून नवल वाटले ते वाटेचे. दाढी करणारा एक म्हातारा, बैल हाकणारा एक परका माणूस; दोघांपैकी कोणाकडेच काम नव्हते, तरी त्यांच्याच बोलण्यातून तो इथवर पोचला होता.

चितारी वळला आणि म्हणाला, "निंबाजी, लेणं पुरं व्हायला वीस वर्षं लागतील. राहाल का?"

निंबाजी राहिला. भिवरालाही त्याने बोलावून घेतले. लेणे बंद झाले नाही, दोनशे माणसांच्या चुली पेटत्या राहिल्या.

पुढे त्या डोंगराची कीर्ती झाली, तशी कामाच्या शोधात माणसे येऊ लागली. कोणी लाजत येई, कोणी म्हणे, "कसलंही काम द्या." निंबाजी त्यांना आधी पाणी देई, सावलीत बसवी आणि विचारी, "तुम्हाला काय येतं, ते सावकाश सांगा." तो सगळे ऐकून घेई. डोंगरावर काम असले तर देई. नसले, तर आठवून आठवून एखादे तरी नाव सांगे, आणि वर म्हणे, "मी पाठवलंय म्हणून सांगा." त्याच्याकडून रिकाम्या हाती कोणी गेले नाही.

तात्पर्य : आपल्याला काय येते ते सांगायला लाजू नये आणि दुसऱ्याचे ऐकायला कंटाळू नये, कारण कामापर्यंतची वाट माणसांमाणसांतूनच जाते.